सोळा मजल्यांवर सतरा हरकती

“सोळा मजले चढवतायत मेले. मग ऊन काय आमी चिठ्ठी धाडून मागवायचा?”

हे नसीबा तिच्या कढईला सांगत होती. कढई काही बोलली नाही, म्हणून मी बोलले. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात आणि मध्ये अंतर जेमतेम एका हाताचं आहे. त्यामुळे ती कढईशी जे बोलते ते मला ऐकू येतं आणि मी माझ्या नवऱ्याला, सदानंदला, जे मनातल्या मनात बोलते ते तिला. कसले सोळा मजले, असं मी विचारलं. तर म्हणाली, शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पाटी लागली आहे, तिच्या नवऱ्याने, शब्बीरने, पहाटे सित्र्याला जाणाऱ्या कंपनी-बसची वाट बघताना वाचली, आणि तू अरबी येतं म्हणून एवढी मिरवतेस तर खाली जाऊन नीट वाचून ये.

‘मिरवतेस’ हा शब्द मला लागला. माझं अरबी मी कुठल्याही क्लासला न जाता, बहारीनमधली एकोणीस वर्षं दुधाचे खोके, बिस्किटांचे पुडे आणि औषधांच्या बाटल्या वाचून कमावलेलं आहे. ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ आणि ‘वापरण्यापूर्वी हलवावे’ या बाबतीत आमच्या माहूज भागात माझा हात धरणारं कोणी नसेल. एवढ्या भांडवलावर मी छत्री उघडून त्रेचाळीस डिग्रीत खाली गेले. पाटीवर अरबीच्या खाली सगळं इंग्रजीत पण लिहिलेलं होतं. ते मी नसीबाला आजतागायत सांगितलेलं नाही.

पाटीचा मजकूर असा: येथील जमिनीचा वर्ग बदलून चार मजली निवासी ऐवजी सोळा मजली व्यापारी व निवासी करण्याचा प्रस्ताव आहे, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. खाली प्लॉटचे नंबर होते. दोन. पहिला त्या रिकाम्या प्लॉटचा. दुसरा मला तोंडपाठ होता, कारण तो दर महिन्याला आमच्या विजेच्या बिलावर येतो.

तो वाचला आणि मला एकदम आठवलं की मी गॅसवर डाळ ठेवून आले आहे. घाईघाईने वर आले. डाळ नव्हतीच.

नसीबाला मी सोळा मजल्यांचं सांगितलं, तीस दिवसांचं सांगितलं. दुसऱ्या नंबरचं नाही सांगितलं. तिनेही विचारलं नाही. पुढे मला कळलं की बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्यांनी ती पाटी वाचली होती आणि सगळ्यांच्याच गॅसवर काही ना काही होतं.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचा सगळा तमाशा कशासाठी होता ते कळेल. नसीबाचं दार आमच्या दारासमोर आहे. दिवसा दोन्ही दारं लोटलेली असतात, कडी नसते. माझी आई गेल्याचा फोन आला आणि विमान दुसऱ्या दिवशीचं मिळालं, त्या मधल्या वेळात ती माझ्याजवळ बसून माझ्या बॅगेत माझे कपडे भरत होती. पुण्यात पोचून बॅग उघडली तर त्यात तिचीही एक ओढणी निघाली. ती मी परत दिली नाही, तिने मागितली नाही. आमच्या मुलांनी एकाच जेवणाच्या टेबलावर अभ्यास केला आणि आता दोघं कॅनडातून आम्हाला इंग्रजीत रागावतात. शब्बीरभाई साठीला आले आहेत. ते कधीपासून म्हणत होते, “ही बिल्डिंग हाय तवर आमी हाव. नवीन घर आता नाय लावायचा.” म्हणजे बिल्डिंग गेली की ते रत्नागिरीकडे आपल्या गावी आणि आम्ही पुण्याला. मला समोरचं दार समोर हवं होतं. एवढंच. ऊन, वारा, पार्किंग ही सगळी नंतर जोडलेली पानं.

पानं जोडली गुंडूराव हेर्लेकरांनी. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेत आहेत. बहारीनला येण्यापूर्वी ते डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीचे अकरा वर्षं सेक्रेटरी होते. माणूस नोकरी सोडतो, गाव सोडतो, पण सेक्रेटरीपण काही त्यांच्या अंगातून उतरलं नाही. आमची बिल्डिंग अथपासून इतिपर्यंत मुनीरा नावाच्या एका वयस्क बहारीनी बाईंची आहे. आम्ही सगळे भाडेकरू. पण पाण्याच्या टाकीच्या सफाईचं निमित्त होऊन गुंडूभाऊजींनी इथे सोसायटी काढली. मग लेटरहेड आलं. मग गुदैबियातल्या दुकानातून गोल शिक्का बनवून आणला. दरवर्षी सर्वसाधारण सभा होते, मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम केला जातो, आणि मी गेली सहा वर्षं बिनविरोध उपाध्यक्ष आहे. मुनीराबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या भिंतींवर आपली कार्यकारिणी नेमायची आणि पुढे त्या भिंती आपल्याच वाटू लागायच्या, ही चूक करायला आमचीच माणसं पाहिजेत.

पाटीवरचा ‘हरकत’ हा शब्द वाचून गुंडूभाऊजी दहा वर्षांनी तरुण झाले. विशेष सर्वसाधारण सभा आमच्या हॉलमध्ये भरली, कारण आमच्याकडे आठ खुर्च्या आहेत. हजेरी घेतली गेली. मग हरकती सुरू झाल्या. सदानंद अकाउंट्समध्ये असल्यामुळे कुठल्याही संकटाचे आधी पोटविभाग पाडतो. तो वाऱ्यावर बोलला. एवढी उंच इमारत आली की उत्तरेचा वारा अडेल आणि आपल्या बिल्डिंगचे एसी जास्त चालतील. शब्बीरभाई म्हणाले, पाया खणताना हादरे बसतील, आपल्या भिंतींना तडे जातील. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. मी गच्चीवरच्या वाळवणाचा मुद्दा मांडला. गच्चीवर माझे पापड आणि सांडगी मिरची एका बाजूला आणि नसीबाचे बोंबील दुसऱ्या बाजूला असतात. कुठली बाजू कोणाची हे वाऱ्याची दिशा बघून ठरलेलं आहे आणि त्या तहाला आम्हाला तीन वर्षं लागली होती. ती गच्ची सावलीत गेली तर तहाला अर्थ काय? गुंडूभाऊजींनी लिहिलं, ‘छतावरील गृहोद्योगास बाधा’.

अशा सतरा हरकती झाल्या. सतराच्या सतरा या गृहीतावर की सोळा मजले उभे राहतील आणि आमची बिल्डिंग त्यांच्या शेजारी, वाराबिरा अडून, तडेबिडे जाऊन, पण उभी असेल. एकदाच सदानंद म्हणाला, “पण तो जो दुसरा नंबर...” आणि मी चिवड्याची बशी त्याच्या पुढ्यात धरली. नसीबा चहा टाकायला उठली होती, ती माझ्या स्वयंपाकघरातून बराच वेळ बाहेर आली नाही. सह्यांच्या वेळी हाताला पीठ लागलंय म्हणाली. चहाला पीठ कुठून आलं हे कोणी विचारलं नाही.

अर्ज द्यायला नगरपालिकेत कोणी जायचं? गुंडूभाऊजींची तिमाही, सदानंदचं क्लोजिंग, शब्बीरभाईंची शिफ्ट. राहता राहिली मी. शिवाय मला अरबी येतं. गुंडूभाऊजींनी मला दारात उभं राहून सल्ला दिला की आवाज ठाम ठेवा, पण कोणाचं नाव घेऊ नका. ‘बाधा पोचवली जात आहे’ असं म्हणायचं, कोण पोचवतंय ते म्हणायचं नाही. अकरा वर्षं त्यांनी याच पद्धतीने गळत्या काढल्या होत्या. शब्बीरभाईंनी सल्ला दिला की काउंटरवरचा माणूस ‘इंशाल्ला’ म्हणाला तर थांबायचं आणि हसून म्हणाला तर घरी यायचं.

पहिल्या खेपेला तिथल्या शिपायानेच परत पाठवलं, अर्ज अरबीत लागतो. मग गुदैबियात ज्यूसच्या दुकानावर बसणाऱ्या एका मल्याळी अनुवादकाकडे गेले. सोळा हरकती त्याने तासाभरात उरकल्या आणि सतराव्यावर अडला. पापड त्याला खाऊन माहीत होता, पण सरकारी अरबीत पापड नव्हता. आम्ही दोघांनी मिळून ‘डाळीच्या पिठाच्या, पातळ, गोल, उन्हात वाळवलेल्या खाद्य चकत्या’ असं काहीतरी ठरवलं. सांडगी मिरची मात्र त्याने स्वतःच्या जबाबदारीवर खोडली. वर्णन वाचून लोकांना तो रासायनिक कारखाना वाटेल म्हणाला. मी तो अनुवाद अक्षर न् अक्षर वाचून तपासला. ‘कोरड्या जागी’ एवढं बरोबर होतं.

दुसऱ्या खेपेला काउंटरवर इमाद नावाचा एक तरुण होता. अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ थोब, समोर चहाचा छोटा पेला. मी पाठ केलेलं अरबी वाक्य म्हटलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्यापेक्षा चांगल्या हिंदीत मला बसायला सांगितलं. अर्ज वाचता वाचता सतराव्या कलमावर त्याच्या मिशा हलल्या. हे विकत मिळतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, विकत नाही, पण आणून देईन. मग त्याने शिक्क्यावर बोट ठेवलं. ही सोसायटी कसली? कुठे नोंदलेली?

एकोणीस वर्षांत मी या देशात चुकीच्या जागी रस्ता ओलांडलेला नाही, आणि आता एका गोल शिक्क्यापायी मी बेकायदा संघटनेची बिनविरोध उपाध्यक्ष म्हणून पकडली जाणार होते. मी म्हटलं, सोसायटी असं काही नाही, आम्ही आपले टाकी साफ करतो. तो हसला. शब्बीरभाईंचा सल्ला आठवून मी पर्स उचलली. पण त्याने हाताने बसा बसा केलं, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि नकाशा मोठा केला. दोन चौकोन आणि दोन्हींभोवती मिळून एकच लाल रेघ.

“मदाम, ये खाली प्लॉट. ये आपका बिल्डिंग. दोनों मिलाके एक टॉवर. अर्जी मालिक ने ही दिया है.” मग सतराव्या कलमाकडे बघून, मनापासून वाईट वाटल्यासारखं म्हणाला, “तो साया किस पे गिरेगा? छत मफी.” म्हणजे छतच नसणार.

मी चकित झाल्याचं नाटक केलं. ते वठलं नसावं, कारण त्याने स्वतःचा चहा माझ्याकडे सरकवला. हरकत फक्त आजूबाजूच्या जमीनमालकांना घेता येते, हेही त्याने सांगितलं. भाडेकरूंच्या हरकतीसाठी त्याच्याकडे रकानाच नव्हता. तरी त्याने आमचा अर्ज घेतला, वर आवकची तारीख घातली आणि फायलीत ठेवला. त्या माणसाने माझा जो मान राखला त्याचं ओझं मी अजून वागवते आहे. आठवड्याने त्याला पापडांचा डबा नेऊन दिला. ते कच्चे खायचे नसतात हे सांगायला विसरले.

संध्याकाळी सभेत मी ही बातमी दिली तेव्हा आठही खुर्च्यांनी मिळून चकित होण्याचा प्रयोग केला. शब्बीरभाई दोनदा ‘काय सांगतंस’ म्हणाले. गुंडूभाऊजींनी ‘सभेस धक्का बसला’ असं लिहून घेतलं. नसीबाने फक्त माझ्याकडे बघितलं, जसं ती माझ्या फसलेल्या कुर्डयांकडे बघते, म्हणजे रागाने नाही.

दोन दिवसांनी मुनीराबाई स्वतः आल्या. हातात हलव्याचा डबा. जिने चढून दमल्या होत्या, आधी नसीबाकडे बसल्या, मग माझ्याकडे. नवऱ्याच्या मागे सहा मुलं, सहाही जणांना आपला हिस्सा वेगळा हवा, त्यांचं काही चालत नव्हतं. सहा महिने देते म्हणाल्या. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत. आमच्या बिल्डिंगमध्ये आता परीक्षेला बसणारं कोणीच उरलेलं नाही, हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. जाताना त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि रंग छान ठेवलात म्हणाल्या. तो रंग सोसायटीच्या ठरावाने दिलेला होता.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती. बांधाबांध, विमानतळ, खलास. पण गुंडूभाऊजींच्या सभेला ‘आयत्या वेळचे विषय’ असा एक विषय असतो. त्यात त्यांनी डोंबिवली काढली. त्यांची जुनी सोसायटी पाडून नवीन उभी राहत होती, दोन विंग, लिफ्ट, जनरेटर, आणि बरेच फ्लॅट विकायचे शिल्लक होते. ते भरात येऊन म्हणाले, आपण सगळ्यांनी तिथेच घरं घेऊ, अख्खा मजलाच घेऊ. रत्नागिरीला गाडी आहे, पुण्याला गाडी आहे, कोणालाच अडचण नाही.

त्या आठवड्यात आम्ही जितके हसलो तितके आधीच्या वर्षात हसलो नसू. सदानंदने आलेखाच्या कागदावर मजल्याचा नकाशा काढला. समोरासमोर दोन दारं, एक आमचं, एक नसीबाचं. नसीबा म्हणाली, डक्ट पण दाखवा भावजी, नायतर मी बोलू कोणाशी. ती आणि मी गच्चीची वाटणी करून मोकळ्या झालो. तिथल्या वाऱ्याची दिशा ठाऊक नसल्याने पहिलं वर्ष आलटून पालटून, असं ठरलं. शब्बीरभाईंनी एकदाच, चहा फुंकत फुंकत विचारलं, मशीद किती लांब पडेल. गुंडूभाऊजी म्हणाले, असेल, जवळच असेल, आणि चष्मा पुसायला लागले.

मीही तेव्हा काहीतरी पुसायला घेतलं असणार. कारण आमचा पुण्याचा फ्लॅट आहे, त्या सोसायटीतही दोन घरं रिकामी आहेत हे मला माहीत होतं, आणि मी ते एकदाही बोलले नव्हते. सदानंदला त्याबद्दल विचारलं तेव्हा तो ‘बघू’ म्हणाला. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, त्याच्या ‘बघू’चे सगळे अर्थ मला कळतात. म्हणून डोंबिवली निघाली तेव्हा मला जरा सुटल्यासारखं वाटलं होतं. दुसरं कोणीतरी बघत होतं.

मग गुंडूभाऊजींचा फोन लागेना. नवीन सेक्रेटरी गावाला गेले होते. ते आले तर बिल्डर परदेशी गेला. बिल्डर आला तर पितृपक्ष लागला. पितृपक्ष संपला तेव्हा, तिथले फ्लॅट जरा लहान आहेत, लिफ्टचं काम खराब आहे, तिकडे डास फार, असं ते सांगू लागले. ज्या माणसाने टाकीच्या झाकणासाठी मुनीराबाईंच्या वॉचमनला सात स्मरणपत्रं पाठवली, त्याला एक फोन होईना. मी तर उपाध्यक्ष. मी त्यांना जिन्यात गाठायचे, गच्चीवर गाठायचे. नसीबाने विचारायचं कधीच सोडून दिलं होतं. ती खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होती आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने ‘रत्नागिरी’ लिहीत होती. मी म्हटलं, अगं थांब, पत्ता बदलायचाय. ती म्हणाली, “लिवू दे गं इरा. खोडायला काय येळ लागतो?”

परवाच्या शुक्रवारी तिने सांदणं केली होती. शब्बीरभाई नमाज पढून आले, सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. खुर्च्या आठच होत्या, दोघंतिघं खोक्यांवर बसले. गुंडूभाऊजी दुसरं सांदण घेत असताना मी त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. भाऊजी, आत्ता लावा म्हटलं. सगळ्यांसमोर. स्पीकरवर. समोरासमोरचे दोन फ्लॅट, आज हो की नाही कळू दे. मला वाटलं होतं सगळे हसतील. सदानंद खाली बघत होता. नसीबा म्हणाली, “जेवू दे त्यांना,” आणि माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला आणि पुन्हा म्हटलं, लावा.

गुंडूभाऊजींनी बशी खोक्यावर ठेवली. फोनही ठेवला, पालथा. मग शब्बीरभाईंकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, बशीकडे बघत ते बोलले.

“वहिनी, लावून उपयोग नाही. मुसलमानांना घर द्यायचं नाही, असं आहे तिथे. सर्वानुमते ठरलेलं. मांडलं होतं मीच.” त्यांनी तोंड पुसलं. “अकरा वर्षांतला तेवढाच एक ठराव मी कुठे लिहून ठेवला नाही.”